पाण्याच्या पायऱ्या उतरत दिजाँकडे

फ्रान्सचा प्रवास ठरवताना आपल्याकडे पॅरिसमध्ये किती रात्री काढायच्या आणि तिथून स्वित्झर्लंड किती तासांवर आहे, या दोन प्रश्नांपलीकडे चर्चा सहसा जात नाही. त्या देशात नद्या आणि कालवे मिळून सुमारे ६,७०० किलोमीटरचे जलमार्ग एकाच सरकारी संस्थेच्या देखरेखीखाली आहेत, त्यांतल्या कित्येक कालव्यांवरून आजही बोटी चालतात, आणि जुन्या मालवाहू बार्जचे छोटेखानी हॉटेल करून त्यातून आठवडाभर गावोगाव हिंडता येते, ही माहिती फार थोड्यांपर्यंत पोहोचलेली असते. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवा म्हटले की हेड, टेल, चाऱ्या, आवर्तन, गळती आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याची तक्रार हेच माझ्या डोळ्यांपुढे उभे राहते. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी युरोपला जायचे ठरवले तेव्हा कालव्यावरच्या सुट्टीची कल्पना मी मनापासून उचलून धरली आणि पुढचे काही महिने नकाशे, लॉकच्या, म्हणजे बोटी चढवण्या-उतरवण्याच्या हौदांच्या, याद्या आणि जलाशयांची माहिती वाचण्यात घालवले. त्या वाचनातून जे मत बनले आणि प्रत्यक्ष प्रवासाने जे पक्के झाले ते असे, की अशी सुट्टी निवडताना बोटीवरच्या जेवणाच्या यादीआधी कालव्याचे पाणी पाहावे. ते कुठून येते, किती उंचीवर न्यावे लागते, किती लॉकमधून उतरते आणि कोणत्या महिन्यात कमी पडते, एवढे कळले की कोणता कालवा निवडायचा याचा निम्मा निर्णय झालेला असतो.

आपले कालवे आणि त्यांचे कालवे यांत मुळातच फरक आहे. आपला कालवा शेतासाठी असतो. धरणातून सुटलेले पाणी आपल्या आपण टेलपर्यंत वाहत गेले पाहिजे, म्हणून त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत हलका उतार देतात. उतार कमी पडला तर गाळ बसतो आणि जास्त झाला तर काठ खचतात. बोटींच्या कालव्यात मात्र पाणी जवळजवळ उभे राहिलेले लागते. म्हणून तिथे जमिनीचा सगळा चढउतार पायऱ्यांमध्ये वाटून टाकलेला असतो: काही अंतर सपाट पाणी, मग एक लॉक, मग पुन्हा सपाट पाणी. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. उतरणारी बोट भरलेल्या हौदात घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, हौदातले पाणी खाली सोडायचे, आणि पातळी जुळली की पुढचे दरवाजे उघडायचे. चढताना हेच उलट. यात पंप लागत नाही आणि इंधनही लागत नाही, सगळे काम पाण्याच्या वजनावर चालते. आपल्या भागात कालव्यातून बार्ज जाताना पाहायची तर गोव्यात जावे लागे. मांडवी आणि जुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या कालव्यातून खनिजाच्या बार्ज जात असत. पण तिथे भरती-ओहोटीचे पाणी, लॉकचा प्रश्नच नाही. मराठी माणसाला लॉक पाहायला मिळण्याची संधी घराजवळ नाही, आणि माझ्या दृष्टीने या सुट्टीचे पहिले आकर्षण तेच आहे.

बोटींचे प्रकार समजून घ्यायचे तर १८७९ सालापासून सुरुवात करावी लागते. त्या वर्षी शार्ल द फ्रेसिने हे फ्रान्सचे सार्वजनिक बांधकाम मंत्री होते, आणि त्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने देशातल्या मुख्य कालव्यांवरच्या लॉकचे माप एकसारखे केले: लांबी ३९ मीटर, रुंदी ५.२० मीटर. या हौदात जेमतेम मावेल अशी ३८.५० मीटर लांब आणि ५.०५ मीटर रुंद मालवाहू बोट मग सगळीकडे बांधली जाऊ लागली. तिला फ्रेंच लोक ‘पेनिश’ म्हणतात. धान्य, कोळसा, वाळू, लाकूड असा अडीचशे ते साडेतीनशे टन माल ती वाहून नेई, आणि मागच्या टोकाच्या दोन खोल्यांत बोटवाल्याचे सारे कुटुंब राही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माल रस्त्यांवरून जाऊ लागला, छोट्या कालव्यांवरची वाहतूक ओसरली, आणि रिकाम्या पेनिशमध्ये खोल्या, स्नानगृहे आणि जेवणघर बसवून त्यांची हॉटेले करण्यात आली. आज आपण ज्या बोटीत उतरतो तिच्या खोलीची रुंदी शेवटी त्या १८७९ च्या मापातून आलेली असते, हे कळल्यावर खोली लहान असल्याची तक्रार करावीशी वाटत नाही.

अशा हॉटेल-बार्जवर साधारणपणे सहा ते बारा पाहुणे असतात आणि त्यांच्यासाठी कप्तान, आचारी, वाटाड्या, खोल्यांची व्यवस्था पाहणारे असे चार-सहा जण असतात. प्रवास बहुधा सहा रात्रींचा असतो आणि दर माणशी हजारो युरोंत जातात. ही रक्कम आपल्या मानाने मोठी आहे, यात शंका नाही. आम्ही तिच्यासाठी इतर दोन सहली रद्द केल्या. दुसरा मार्ग स्वतः चालवण्याची छोटी बोट भाड्याने घेण्याचा. फ्रान्समध्ये अशा भाड्याच्या बोटीसाठी परवाना लागत नाही. बोट देणारी कंपनी थोडा वेळ शिकवते आणि त्या प्रवासापुरते प्रमाणपत्र देते. चार-सहा जणांच्या कुटुंबाला ती बरीच स्वस्त पडते. मात्र प्रत्येक लॉकवर एकाने काठावर उतरून दोर पकडायचा, दुसऱ्याने बोट स्थिर ठेवायची, कुठे कुठे दरवाजे उघडायलाही हात लावायचा, हे काम दिवसातून अनेकदा करावे लागते. पत्नीच्या गुडघ्यांचा विचार करून आम्ही तो मार्ग सोडला. घरात दोन तरणे हात असतील तर मी हीच छोटी बोट सुचवीन. रोन किंवा सीन नदीवरची, दीडशेच्या वर प्रवासी नेणारी मोठी जहाजे ही तिसरी गोष्ट, आणि ती या चर्चेत येतच नाहीत, कारण शंभराहून अधिक मीटर लांबीचे जहाज कालव्याच्या हौदात शिरूच शकत नाही. अनेक प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत कालव्यावरच्या बार्ज आणि नदीवरची ही जहाजे या दोन्हींची छायाचित्रे शेजारी-शेजारी असतात, म्हणून नोंदणीआधी बोटीची लांबी विचारून घ्यावी.

आता कालवा कोणता. ज्याला ज्याला विचारावे तो मिदी कालव्याचे नाव घेतो, आणि त्याला सबळ कारण आहे. तुलूझपासून भूमध्य समुद्राजवळच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटर लांबीचा हा कालवा पिएर-पॉल रिके या गृहस्थांनी बांधला. रिके अभियंता नव्हते, ते लांगदॉक प्रांतात मिठावरचा कर वसूल करणारे अधिकारी होते. अटलांटिक आणि भूमध्य या दोन समुद्रांना जोडणाऱ्या कालव्याचे स्वप्न त्यांच्याआधीही अनेकांनी पाहिले होते, आणि ते सगळे एकाच प्रश्नावर अडले होते: कालव्याच्या माथ्यावर पाणी आणायचे कोठून? बोट कोणत्याही बाजूने आली तरी माथा ओलांडताना दोन्ही बाजूंना एकेक हौद पाणी खाली घेऊन जाते, आणि ते भरून काढणारा झरा माथ्याहून उंच असावा लागतो. रिकेंनी जवळच्या माँताञ न्वार डोंगरातले ओढे आडव्या पाटांनी अडवून नोरूझच्या खिंडीत, समुद्रसपाटीपासून १८९ मीटर उंचीवर, आणता येतील हे दाखवले. १६६२ मध्ये त्यांनी चौदाव्या लुईचे मंत्री कोलबेर यांना आपली योजना कळवली, १६६६ मध्ये राजाची मंजुरी आली, आणि उन्हाळ्यातही पाणी पुरावे म्हणून सेंट-फेरेओल येथे धरण बांधले गेले. दगडी भिंतींच्या मध्ये मातीचा भराव घातलेले, सुमारे साठ लाख घनमीटर पाणी साठवणारे ते धरण सतराव्या शतकातले आहे आणि आजही कामात आहे. मातीच्या धरणाच्या गळतीशी ज्याने आयुष्य काढले आहे त्यालाच या शेवटच्या वाक्याचे मोल कळेल. पहिल्या काही लॉकच्या सरळ भिंती बाजूच्या मातीच्या दाबाने कोसळल्या, तेव्हा रिकेंनी हौदांचा आकार बदलून त्यांना दोन्ही बाजूंना फुगवटा दिला, म्हणजे भिंत आडवी झोपलेल्या कमानीसारखी दाब पेलू लागली. मिदीवरचे लंबगोल लॉक पाहून लोक त्यांच्या सौंदर्याची तारीफ करतात. त्या सौंदर्यामागे एक पडलेली भिंत आहे. रिके १६८० मध्ये वारले. कालवा १६८१ मध्ये खुला झाला. त्यांनी आपली सगळी संपत्ती त्यात ओतली होती आणि कुटुंबावर कर्ज ठेवून ते गेले.

एवढे सगळे असूनही आम्ही मिदी निवडला नाही. त्याचे पहिले कारण असे, की त्या कालव्याचा मेंदू, म्हणजे सेंट-फेरेओल, डोंगरातले पाट आणि नोरूझची खिंड, हॉटेल-बार्जच्या नेहमीच्या मार्गापासून दूर आहे. बार्ज बहुतेक बेझिए आणि कारकासोनच्या आसपास फिरतात. बेझिएजवळची फोंसेरानची लॉकमाला विलक्षण आहे, लागोपाठच्या हौदांतून बोट २१ मीटरांहून अधिक उंची चढते, पण ती काठावरून चालत पाहिली तरी तितकीच समजते. दुसरे कारण झाडांचे. कालव्याच्या दोन्ही काठांवर एकोणिसाव्या शतकात प्रामुख्याने लावलेले सुमारे ४२,००० प्लेन वृक्ष होते, ज्यांच्या सावलीची छायाचित्रे पाहून लोक तिथे जातात. २००६ मध्ये त्यांच्यावर एका बुरशीचा रोग आढळला. त्यावर उपाय नाही. लागण झालेले झाड आणि त्याच्या शेजारची झाडे तोडून जाळावी लागतात, कारण मुळांवाटे आणि पाण्यावाटेही ती पसरते. हजारो झाडे अशी गेली आहेत आणि त्यांच्या जागी ओक व इतर जातींची रोपे लावली जात आहेत. कालव्याच्या काठावरचे झाड ही शोभेची वस्तू नसते. त्याची मुळे काठ धरून ठेवतात, सावली बाष्पीभवन कमी करते आणि पाला पडून तळाची गळती कमी होते. त्या मोकळ्या काठांकडे पाहत आठवडा काढणे माझ्याच्याने झाले नसते. तरुण माणसाने मात्र तिथे जावे, नवी झाडे वाढताना पुन्हा पुन्हा जावे.

बाकीच्या पर्यायांवर आम्ही फार वेळ घालवला नाही. अल्सास-लॉरेनमधल्या मार्न-ऱ्हाइन कालव्यावर आर्झव्हिलेर येथे १९६९ पासून बोट एका मोठ्या टाकीत बसवून डोंगराच्या उतारावरून रुळांवर वरखाली नेतात आणि त्यामुळे १७ लॉक वाचतात. ते यंत्र पाहण्यासारखे आहे, पण माझे मन लॉक वाचवण्यात नव्हते. ब्रियारला १८९६ मध्ये बांधलेला ६६२ मीटर लांबीचा पोलादी जलसेतू ल्वार नदीवरून कालवा पलीकडे नेतो, आणि त्याच्यासाठी मी एक स्वतंत्र दिवस काढून रेल्वेने जाऊन आलो. निव्हेर्ने कालवा मॉर्व्हांच्या जंगलातून जातो, जिथले जळाऊ लाकूड शतकानुशतके नद्यांतून वाहवत पॅरिसला नेत. त्याच्या माथ्याजवळ सार्दी येथे थोड्या अंतरात सोळा लॉक आहेत, पण त्या भागातले हौद आखूड असल्यामुळे पूर्ण लांबीची पेनिश तिथे जाऊ शकत नाही.

शेवटी बर्गंडी कालवा ठरला. योन नदीवरच्या मिजेनपासून सोन नदीवरच्या सेंट-जां-द-लोनपर्यंत त्याची लांबी २४२ किलोमीटर आहे, त्यावर १८९ लॉक आहेत, आणि पुयी-आं-ओस्वा या गावाजवळ तो समुद्रसपाटीपासून ३७८ मीटरांवर पोहोचतो. मिदीच्या माथ्याच्या दुप्पट उंची. काम अठराव्या शतकात सुरू झाले, राज्यक्रांतीने ते अडवले, आणि कालवा सलग खुला व्हायला १८३२ साल उजाडले. पुयीच्या परिसरात पडलेल्या पावसाला तीन वाटा मोकळ्या आहेत: आर्मांसाँ नदीतून योन आणि सीनमार्गे इंग्लिश खाडीकडे, आरू नदीतून ल्वारमार्गे अटलांटिककडे, आणि ऊश नदीतून सोन व रोनमार्गे भूमध्य समुद्राकडे. सह्याद्रीच्या माथ्यावर कृष्णा आणि सावित्री एकमेकींकडे पाठ करून निघतात हे शाळेपासून ऐकलेल्या माणसाला ही जागा न पाहता परत येणे शक्यच नव्हते. अशा उंच जागी कालव्याला पाणी देण्यासाठी भोवतालच्या दऱ्यांत पांतिए, सेर्से, शाझिली, तियो आणि ग्रोबुआ असे जलाशय बांधले आहेत. ग्रोबुआची दगडी भिंत बांधल्यानंतर सरकू लागली आणि तिला मागाहून टेकू द्यावे लागले; फ्रान्समधल्या धरण-अभियंत्यांनी तिच्यापासून बरेच शिकून घेतले.

नोंदणीच्या आधी मी पत्नीला आमचा मार्ग, म्हणजे माथ्यावरच्या बोगद्यापलीकडच्या एस्कोमपासून दिजाँ शहरापर्यंतचा कालव्याचा भाग, नकाशावर दाखवला. तिने दोन टोकांवर बोटे ठेवली आणि म्हणाली, “अहो, हे तर पन्नासच किलोमीटर. पुण्याहून लोणावळ्यापेक्षाही कमी. आठवडाभर आपण काय करणार?” मी म्हटले, “पन्नासहून जास्त लॉक आहेत.” ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “बरं. पण बोटीवर सायकल असते ना, तेवढं विचारून घ्या.” सायकली असतात. पूर्वी घोडे आणि माणसे ज्या वाटेवरून दोराने बोटी ओढत, तीच वाट आता सायकलची वाट झाली आहे, आणि ताशी सहा किलोमीटरने जाणाऱ्या बार्जला सायकलवर गाठणे, मागे टाकणे आणि पुढच्या लॉकवर तिची वाट पाहणे हे त्या आठवड्यातले पत्नीचे सर्वांत आवडते काम होते. गुडघ्यांना चालण्यापेक्षा सायकल सोपी पडते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते.

पुयीहून कालवा ३,३३३ मीटर लांबीच्या बोगद्यात शिरतो आणि पलीकडे एस्कोमला बाहेर येतो. बोगद्यात घोड्यांसाठी वाट ठेवलेली नव्हती, म्हणून पुढच्या काळात तळाशी टाकलेल्या साखळीवर स्वतःला ओढत नेणारी बोट वापरली जाई, आधी वाफेवरची आणि १८९३ पासून विजेवरची. ही वीज बोगद्याच्या दोन्ही तोंडांजवळच्या लॉकवर पडणाऱ्या पाण्यातून तयार करत. ती जुनी ओढबोट पुयीच्या बंदरावर ठेवली आहे, आणि तिच्यावरचे छत जपानी वास्तुविशारद शिगेरू बान यांनी कागदाच्या नळ्यांचे केले आहे. आम्ही मोटारीने पुयीला थांबून ती पाहिली आणि एस्कोमला बार्जवर चढलो. इथून लॉकचे आकडे सुरू होतात: सोनच्या बाजूचा पहिला, दुसरा, तिसरा. दरवाजाजवळच्या छोट्या घरावर पाटी असते आणि आकड्यापुढे सोनचे आद्याक्षर. पाटीवरचा आकडा पाहून आपण माथ्यापासून किती पायऱ्या खाली आलो हे कोणालाही सांगता येते.

वांदनेस गावाच्या खालच्या एका लॉकवर मी कप्तानाची परवानगी घेऊन काठावर उतरलो आणि सगळे काम जवळून पाहिले. लॉक सांभाळायला एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी होती. उन्हाळ्यात असे हंगामी कर्मचारी घेतात आणि तेच बोटीच्या पुढे पुढे मोपेडवरून जाऊन एकेक लॉक तयार ठेवतात. आमची बार्ज हौदात शिरताना दोन्ही बाजूंना चार-चार बोटांचे अंतर राहिले होते. कप्तानाने बोलणे थांबवले होते आणि त्याचा हात चाकावर जेमतेम हलत होता. बोट पूर्ण आत आल्यावर त्या मुलीने वरचे दरवाजे लावले. लाकडी दरवाजे एकमेकांना टेकून वरच्या पाण्याच्या दिशेने टोक काढतात, त्यामुळे वरच्या पाण्याचा दाबच त्यांना घट्ट मिटतो. मग ती खालच्या दरवाजांकडे गेली, लोखंडी दात्याच्या पट्टीवर किल्ली बसवली आणि फिरवू लागली. ती दात्याची पट्टी, ते छोटे दातेरी चाक आणि मागे फिरू नये म्हणून पडणारा खटका पाहून मला आमच्या वितरिकांच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यांच्या, दरवाजांची आठवण झाली. पाटकऱ्याच्या हातात असायची तशीच ती किल्ली होती. दरवाजातली झडप वर सरकली, खाली पाणी उसळले, आणि हौदाच्या भिंतीवरची शेवाळी रेघ हळूहळू उघडी पडू लागली. आधी हातभर, मग कमरेइतकी, मग माणसाहून उंच. बार्ज भिंतीला न घासता सरळ खाली बसत गेली. पातळी जुळल्यावर मुलीने दरवाजाच्या लांब दांड्याला पाठ लावली आणि पाय रोवून ढकलले. मला मदत करायची परवानगी तिने मान हलवून दिली, आणि दुसऱ्या बाजूचा दरवाजा मी ढकलला. आधी तो हलत नाही असे वाटते. जोर लावून उपयोग नसतो. भार टाकून उभे राहायचे असते, आणि दोन्ही बाजूंचे पाणी अगदी सारखे झाले की तो आपण होऊन निघतो.

त्या रात्री मी हिशेब केला. ३९ मीटर लांबी, ५.२० मीटर रुंदी आणि अडीच मीटरच्या आसपास उतार धरला, तर एका पासात सुमारे पाच लाख लिटर पाणी खाली जाते. आपल्या भाषेत सांगायचे तर दीडेक एकर गव्हाला एक पाणी. वरच्या जलाशयांत एवढे पाणी प्रत्येक बोटीसाठी असावे लागते, आणि ते नसेल त्या वर्षी कालवा बंद होतो. २०२२ च्या दुष्काळात फ्रान्समधल्या अनेक कालव्यांचे काही भाग बोटींसाठी बंद ठेवावे लागले होते. पाणी कमी झाले की आधी बोटींना एकत्र सोडतात, म्हणजे एकाच हौदात दोन छोट्या बोटी उतरतात. मग पाण्याची खोली कमी करतात. मग भाग बंद. आमच्या आवर्तनाचेही हेच चालते, आधी पाळी लांबवायची, मग क्षेत्र कमी करायचे. म्हणून मी प्रत्येकाला मे किंवा जूनची नोंदणी सुचवतो. हिवाळ्याच्या पावसाने जलाशय तेव्हा भरलेले असतात. ऑगस्टमध्ये शाळांच्या सुट्ट्या असतात, गर्दी असते आणि पाणी उतरणीला लागलेले असते. हिवाळ्यात हॉटेल-बार्जचा हंगाम नसतोच. कालव्याचे भाग पाळीपाळीने कोरडे करून दुरुस्त्या करतात, आणि खरे सांगायचे तर ती दुरुस्ती पाहायलाही मला आवडले असते.

या कालव्यावरचे माझे सर्वांत आवडते ठिकाण पाँ दूश. इथे कालवा दगडी जलसेतूवरून ऊश नदी ओलांडतो आणि त्याच दरीत वळतो. जलसेतूच्या कठड्याशी उभे राहिले की पायाखाली नदी, पायाशी कालवा आणि डोक्यावर पॅरिसहून लिऑंला जाणाऱ्या महामार्गाचा उंच पूल, असे तीन मार्ग एकाच वेळी दिसतात. वरच्या मोटारी दोन तासांत जिथे पोहोचतील तिथे या कालव्याने जायला कित्येक दिवस लागतील. तरीही तिन्ही आज चालू आहेत आणि तिन्हींच्या डागडुजीला माणसे नेमलेली आहेत, हे मला फार समाधान देऊन गेले. कालवा जिवंत राहतो तो कोणीतरी रोज त्याचे काठ, दरवाजे आणि झडपा पाहतो म्हणून. पर्यटकांच्या बोटी चालल्या नसत्या तर या बाजूचा खर्च सरकारने किती काळ सोसला असता, सांगता येत नाही. आपण भरलेल्या पैशांतला काही भाग अशा कामाला लागतो याचा मला आनंद आहे.

जेवणाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडून पहिला प्रश्न तोच येतो. बर्गंडी हा गोमांसाच्या रश्श्याचा आणि गोगलगायींचा प्रांत. पत्नी पूर्ण शाकाहारी आहे. आम्ही नोंदणीच्या वेळीच लेखी कळवले होते, त्यात अंडे चालते की नाही, मांसाच्या पाण्यातले सूप चालणार नाही, हेही स्पष्ट लिहिले होते. हॉटेल-बार्जचा फायदा असा की आचारी मोजक्याच माणसांसाठी रांधतो आणि बाजारात स्वतः जातो. हिरव्या मसुरीचे सॅलड, कोवळ्या वाटाण्यांचे सूप, चीज घातलेले पोकळ गोळे, काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कॅसिसच्या फळांचा सरबत, दिजाँचा मसाल्याचा मधकेक, असे रोज काही ना काही होते. चीजबद्दल मात्र सावध राहावे: फ्रान्समधल्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या पोटातला घटक वापरतात. एप्वास हे त्या भागाचे प्रसिद्ध चीज, ज्याची साल द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेल्या मद्याने धुतात, त्याच प्रकारातले. आचाऱ्याला नीट विचारल्यावर त्याने कोणते चीज चालेल ते बाजूला काढून ठेवले. आपल्या लोकांना हे विचारायला संकोच वाटतो. तिथे कोणाला त्यात वावगे वाटत नाही.

व्हिसाचे काम नेहमीचेच, एक गोष्ट सोडून. शेंगेन व्हिसासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा लागतो, आणि बार्जला कायमचा पत्ता नसतो. म्हणून चढण्याचे आणि उतरण्याचे गाव, तारखा आणि प्रवाशांची नावे असलेले पत्र बोटीच्या कंपनीकडून मागवून घ्यावे, आणि आधी-नंतरच्या रात्रींसाठी हॉटेलचे कागद वेगळे जोडावेत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मुंबई-पुण्याकडे मे महिन्याच्या तारखा लवकर भरतात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पॅरिसहून दिजाँला जलद रेल्वेने दीड तासाच्या आसपास लागतो, त्यामुळे मोटार भाड्याने घेण्याची गरज नसते, पुयीचा बोगदा पाहायचा असेल तरच ती घ्यावी.

ज्यांना द्राक्षमळे आणि जुनी शहरे पाहायची असतात त्यांच्यासाठी बार्जची गाडी रोज एखाद्या ठिकाणी नेते. शातोनफचा किल्ला वांदनेसच्या वर टेकडीवर आहे आणि बोटीवरून तो बराच वेळ दिसत राहतो. बोन शहरातले १४४३ मध्ये स्थापन झालेले गरिबांचे इस्पितळ, रंगीत कौलांचे, मला त्या फेऱ्यांमध्ये सर्वांत आवडले. रुग्णांच्या मोठ्या दालनात दोन्ही भिंतींना खाटा आहेत आणि प्रत्येक खाट लाल पडद्याने झाकता येते. त्या भागातले द्राक्षमळे २०१५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मला त्यांच्यातले फारसे कळले नाही, आणि कप्तानाने ते ओळखून मला एका दुपारी पांतिएच्या जलाशयाच्या बांधावर नेऊन सोडले, जिथे मी सांडवा, पाणी सोडण्याचा विमोचक आणि कालव्याकडे जाणारा पाट पाहत संध्याकाळपर्यंत फिरलो.

दिजाँच्या अलीकडे कालवा किर सरोवराच्या काठाने जातो आणि मग शहराच्या बंदरात थांबतो. तिथून सोनपर्यंतचा कालवा जवळजवळ सरळ रेषेत आहे, त्यात माथ्यासारखी गुंतागुंत नाही, म्हणून आम्ही दिजाँलाच उतरलो. पुढच्या वेळी निव्हेर्ने करायचा आहे, तोही सार्दीच्या सोळा लॉकसह, आणि या वेळी भाड्याची छोटी बोट घ्यायची आहे. दोर पकडायला पुतण्या आणि त्याची बायको येणार आहेत. पत्नीने सायकलींची अट कायम ठेवली आहे. जूनसाठी बोटीची चौकशी आताच पाठवली आहे, आणि सोबत त्या वर्षीच्या दुरुस्त्यांचे वेळापत्रकही मागवले आहे.